डोंगरावरची रायफल: कुठले ग्रॅम वाचवायचे, कुठले नाही

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्सच्या कड्याकपारींत चरणारा ताहर हा मुळात हिमालयातला प्राणी. इंग्लंडमधल्या वोबर्न ॲबीत ड्यूक ऑफ बेडफर्डने पाळलेल्या कळपातले काही ताहर १९०४ मध्ये माउंट कुकच्या पायथ्याशी सोडले गेले. तीन वर्षांनी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने आपल्या डोंगरांतले शॅम्वा (शेळीच्या कुळातले डोंगरी प्राणी) न्यूझीलंडला भेट म्हणून पाठवले. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडमध्ये जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. तिथल्या उंचावरच्या गवताला आणि झुडपांना खुरांचा आणि चरणाऱ्या तोंडांचा अनुभवच नव्हता. पाहुणे वाढले, डोंगर उघडे पडू लागले. अखेर १९९३ च्या सरकारी आराखड्यात ताहरची संख्या दहा हजारांपुढे जाऊ द्यायची नाही असे ठरले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याच ताहरवर गोळी झाडणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. हिमालयात तो घरचा आहे आणि तिथे त्याची संख्या चिंतेची आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र शिकारी डोंगरात जावेत, ही सरकारचीच गरज आहे. म्हणूनच डोंगरात कोणती रायफल न्यावी, हा प्रश्न तिथे दरवर्षी नव्याने रंगतो.

शिकारी चार-पाच दिवसांचे धान्य, तंबू, झोपायची पिशवी, बर्फाची कुऱ्हाड, बुटांना बांधायचे काटे असा सगळा संसार पाठीवर घेऊन नदीच्या पात्रातून वर निघतो. हजार मीटर चढल्यावर खरी शोधाशोध सुरू होते. ताहरचे नर माजावर येतात ते तिथल्या थंडीच्या तोंडावर, मे ते जुलैच्या सुमारास. तेव्हा त्यांची मानेवरची आयाळ भरगच्च असते आणि वरच्या उतारांवर बर्फ असतो. या सगळ्या दिवसांत रायफलीचा बार एकदा-दोनदा उडतो, बाकीचा सगळा वेळ ती नुसते ओझे असते. पण बार उडवायची वेळ येते तेव्हा शिकाऱ्याचा श्वास फुललेला, बोटे गारठलेली, पायाखाली घसरते दगडगोटे आणि जनावर दोन-तीनशे मीटरवर, बहुतेक वेळा वर किंवा खाली तिरपे. वाहून नेताना रायफल जितकी हलकी तितकी बरी. नेम धरताना थोडी जड असली की हातात स्थिर राहते. दीडशे वर्षे कारागीर आणि शिकारी या दोन मागण्यांच्या ओढाताणीतच वाट काढत आले आहेत.

युरोपातल्या आल्प्समध्ये यावर दोन जुनी उत्तरे सापडली. पहिले, आखूड नळीची आणि दस्ता थेट नळीच्या टोकापर्यंत आलेली रायफल. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावी बनलेली १९०३ ची मानलिखर-शोनाउअर कार्बाईन हे तिचे सर्वांत देखणे रूप. नळी जेमतेम ४५ सेंटिमीटरची, वजन तीन किलोच्या आसपास, बारीक ६.५ मिलिमीटरची गोळी आणि गोल फिरणारे मॅगझिन. पाठीवर टाकली की कड्यावर अडकत नाही, फांद्यांत गुंतत नाही. दुसरे उत्तर याहून धाडसी: मॅगझिन आणि बोल्ट काढूनच टाकायचा आणि मधोमध मोडून भरायची एकनळी रायफल घ्यायची. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावच्या कारागिरांनी अशा रायफली पिढ्यान्‌पिढ्या बनवल्या. जर्मनीतल्या ब्लाझर कंपनीची के-९५ आज त्याच जातीची मानली जाते. मोडून दोन तुकडे केले की पिशवीत मावते. मात्र एकच गोळी आहे हे शिकाऱ्याला कायम लक्षात ठेवावे लागते. जखमी जनावर कड्यावरून निसटले तर दुसरा बार भरेपर्यंत ते दिसेनासे होते. शॅम्वाच्या शिकारीत पहिल्या गोळीवरच सगळा भर देणारी जी शिस्त आल्प्समध्ये रुजली, ती या हत्याराशिवाय रुजली नसती.

आपल्याकडे डोंगरातली हलकी रायफल म्हटली की कुमाऊँ-गढवालचे नाव निघतेच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारल्यानंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. हिचे काडतूस म्हणजे जर्मन माउझरचे १८९० च्या दशकातले ७×५७. रिग्बीने त्यालाच इंग्रजी नाव दिले होते. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये पडला तो याच रायफलीने. कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती आणि ती त्यांनी वापरलीही. पण दिवसचे दिवस पायवाटांनी चढउतार करणाऱ्या माणसाला मध्यम ताकदीची, हाताला सरावाची, हलकी रायफल किती पुरते हे .२७५ ने दाखवून दिले. (वाघासाठी एवढी लहान गोळी आज कोणी सुचवणार नाही. कॉर्बेट यांचा हात आणि धीर हा वेगळा हिशेब होता.)

अमेरिकेत हाच विचार लोकप्रिय केला जॅक ओ'कॉनर यांनी. १९०२ मध्ये ॲरिझोनात जन्मलेले हे लेखक अनेक वर्षे 'आउटडोअर लाइफ' मासिकात बंदुकांवर लिहीत होते. रॉकी पर्वतरांगांतले डोंगरी मेंढे हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. १९२५ मध्ये आलेले .२७० विंचेस्टर हे काडतूस त्यांनी इतक्या निष्ठेने उचलून धरले की आजही दोघांची नावे जोडीने घेतली जातात. दुर्बिणीसह आठ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३.६ किलोच्या, आसपास त्यांची आवडती रायफल असे. १९५२ मध्ये विंचेस्टरने आपल्या मॉडेल ७० ची 'फेदरवेट' आवृत्ती आणली. नळी बारीक आणि थोडी आखूड, खालची पट्टी ॲल्युमिनियमची. या बारीकसारीक बदलांनी रायफल बरीच हलकी झाली, पण दस्ता मात्र अक्रोडाचाच राहिला.

तो अडसर दूर केला वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्स यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी अल्ट्रा लाइट आर्म्स या नावाने रायफली बनवायला घेतल्या, तेव्हा नुसती नळी तासत बसण्यापेक्षा सगळी रायफलच नव्याने आखली. बोल्ट आणि रिसीव्हर, म्हणजे बोल्ट बसतो तो पोलादी गाभा, काडतुसाच्या मापाला बेतले. त्यांचे वजन वीस औंस, म्हणून नाव मॉडेल २०. दस्ता केव्हलार आणि ग्रॅफाइटचा, लाकडी दस्त्याच्या निम्म्याहून हलका आणि त्याहून ताठ. अख्खी रायफल पाच पौंडांच्या आत, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. तिची नळी बाजारातल्या इतर हलक्या रायफलींइतकी केविलवाणी बारीक नव्हती, कारण वजन दस्त्यातून आणि पोलादी गाभ्यातून वाचवलेले होते. आजच्या प्रत्येक चांगल्या डोंगरी रायफलीत फोर्ब्स यांचा हा हिशेब दिसतो. किम्बरची माउंटन असेंट त्याच वाटेने ४ पौंड १३ औंसांपर्यंत, म्हणजे २.२ किलोच्याही आत पोचली.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण याच्या पुढचे ग्रॅम महाग पडतात, आणि नुसते पैशाने नाही.

पहिली किंमत खांदा मोजतो. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन एक चतुर्थांशाने घटवले, समजा ३.६ किलोवरून २.७ वर आणले, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. हे साधे गणित आहे, कोणत्याही कंपनीला ते चुकवता येत नाही. धक्का वाढला की माणूस नकळत डोळे मिटतो, चाप झटक्याने ओढतो, आणि सराव टाळतो. हा शेवटचा तोटा सर्वांत मोठा. हलक्या रायफलीच्या जाहिराती वाचून ती घेतलेले किती जण वर्षाला शंभर गोळ्या त्यातून झाडतात, हा प्रश्न दुकानदारांना विचारून पाहावा.

दुसरी किंमत स्थिरतेची. हलकी नळी छातीच्या ठोक्यानेही हलते, वाऱ्याने डोलते. त्यातच चाप जड असला तर नेम बिघडलाच म्हणायचे. दोन किलोचा दाब दिल्याशिवाय न सुटणारा चाप चार किलोच्या रायफलीवर खपून जातो. सव्वादोन किलोच्या रायफलीवर मात्र बोटाच्या त्या ओढीनेच नळी बाजूला सरकते. म्हणून रायफल जितकी हलकी, तितका चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा हवा. सव्वा किलोच्या आसपासचा दाब बहुतेकांना जमतो. गारठलेल्या बोटांना त्याहून हलका चाप धोक्याचा.

दुकानातल्या चिठ्ठीवरचे वजन आणि डोंगरातले वजन यांत केवढी तफावत असते हे एक उदाहरण घेऊन पाहू. फिनलंडच्या टिक्का टी३एक्स लाइटसारखी सुमारे २.८ किलोची रायफल. तिच्यावर मध्यम आकाराची दुर्बीण ४५० ग्रॅम. ती बसवायच्या कड्या १०० ग्रॅम. पट्टा १२० ग्रॅम. .३०८ ची पाच काडतुसे, प्रत्येकी २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १२५ ग्रॅम. न्यूझीलंडमध्ये सर्रास लावतात तो सायलेन्सर ३५० ग्रॅम. बेरीज चार किलोला थोडीशीच कमी भरते. आता कोणी मोठ्या ५६ मिलिमीटर काचेची दुर्बीण चढवली, तर ती एकटीच ४०० ग्रॅमपर्यंत जादा घेते. रायफल हलकी करायला मोजलेले जादा पैसे तिथेच वाया जातात. दोन-तीनशे मीटरवरच्या ताहरसाठी सहा पटीची किंवा तीन ते नऊ पटीची, ३६ ते ४० मिलिमीटर काचेची दुर्बीण पुरेशी असते. वजन कमी करायची सुरुवात तिथून करावी, मग दस्त्याकडे वळावे. नळीला शेवटी हात लावावा.

कार्बन फायबरच्या वेष्टणाच्या नळ्यांबद्दल फार बोलले जाते. युटामधल्या क्रिस्टेन्सन आर्म्सने १९९५ पासून हे तंत्र पुढे आणले: आत पोलादाची पातळ नळी, बाहेर कार्बनचे जाड वेष्टण. तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा ती बरीच हलकी आणि ताठ. मात्र साध्या बारीक पोलादी नळीशी तुलना केली तर कार्बनवाली अनेकदा जड भरते. ज्याला लांब पल्ल्यावर सलग गोळ्या झाडायच्या आहेत त्याला तिचा उपयोग. डोंगरात दोन बार उडवणाऱ्याला तो कमी. टायटॅनियमचे रिसीव्हर त्या मानाने सरळ फायद्याचे, कारण हा धातू पोलादाच्या सुमारे ५७ टक्के वजनाचा आणि गंजाला जवळजवळ दाद न देणारा. पण तो घासल्यावर चिकटतो, म्हणून बोल्टवर लेप लागतो, आणि किंमत साध्या चांगल्या रायफलीच्या तिप्पट-चौपट होते. बारीक नळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला तापून थोडी वाकडी चालते, अशी तक्रार असते. डोंगरात या तक्रारीला फारसे महत्त्व नाही. तिथे महत्त्वाची असते थंड नळीतून जाणारी पहिली गोळी. नवी रायफल पारखताना एका बैठकीत पाच गोळ्यांचा पुंजका काढण्याऐवजी पाच वेगवेगळ्या दिवशी एकेक गोळी त्याच कागदावर झाडून पाहावी. डोंगरात त्या रायफलीवर किती भिस्त ठेवता येईल ते तो कागद सांगेल.

टिकाऊपणाची गोष्ट मुख्यतः पाण्याची आहे. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा. फरक एवढाच की तो बारा महिने विखुरलेला असतो. अशा हवेत अक्रोडाचा दस्ता पाणी पितो, फुगतो आणि नळीला टेकतो. टेकला की नळीची थरथर बदलते आणि बसवलेला नेम सरकतो. यासाठी जुने जाणते शिकारी एक साधी तपासणी करतात. नोटेएवढा कागद नळी आणि दस्त्याच्या फटीत घालतात आणि पुढच्या टोकापासून मागे सरकवत आणतात. कागद विनाअडथळा रिसीव्हरपर्यंत आला तर ठीक. मध्ये कुठे अडकला तर तिथे लाकूड नळीला लागले आहे. दुकानात कोरड्या दिवशी पास झालेली रायफल दोन दिवस भिजल्यानंतर नापास होऊ शकते, म्हणून ही तपासणी डोंगरातल्या मुक्कामातही करावी लागते. कृत्रिम दस्ता या एका कारणासाठीच घ्यावा, दिसायला कितीही रुक्ष असला तरी. मात्र स्वस्त पोकळ प्लॅस्टिकच्या दस्त्याचे पुढचे टोक हाताने दाबले तर वाकून नळीला टेकते. तो हलका असतो, पण लाकडाचा दोष त्याच्यातही शिल्लक राहतो. पोलादाचे म्हणाल तर स्टेनलेस नळीही गंजते, फक्त सावकाश. तिच्यावरचा सिरॅमिक लेप चांगला, पण रोज रात्री तेलाचे फडके फिरवणे त्याहून चांगले.

न्यूझीलंडच्या सरकारने १९३० च्या दशकापासून हरणे मारायला पगारी माणसे डोंगरात पाठवली, तेव्हा त्यांच्या हातात लष्करी .३०३ होती, पुष्कळदा दस्ता कापून हलकी केलेली. तिची नजाकत कोणी वाखाणली नाही. पण चिखल, पाऊस, घसरण यांतून ती चालत राहिली. कॅनडाच्या उत्तर टोकाला गस्त घालणाऱ्या रेंजर दलाने १९४७ पासून त्याच .३०३ ची ली-एनफिल्ड क्रमांक ४ वापरली ती थेट सत्तरएक वर्षे. ग्रीनलंडची कुत्र्यांच्या घसरगाड्यांची सिरियस गस्त आजही १९१७ च्या अमेरिकन एनफिल्डवर विसंबते, कारण गोठवणाऱ्या थंडीतही तिचा बोल्ट उघडतो. कॅनडाने २०१८ पासून बदली रायफल आणली ती टिक्का टी३एक्सवर बेतलेली सी-१९. या नव्या रायफलींच्या थर चिकटवून केलेल्या लाकडी दस्त्यांत २०१९ मध्ये तडे गेल्याचे उघड झाले. बोल्ट आणि नळी निर्दोष असली तरी कच्चा दुवा बहुधा दस्त्यातच निघतो, याचा हा सरकारी पुरावा.

थंडीत नेहमीचे तेल घट्ट होते आणि बोल्टमधली सुई हळू पडते. गोळी उडत नाही. म्हणून बोल्ट आतून पेट्रोलने धुऊन कोरडा ठेवतात, फार तर ग्रॅफाइटची भुकटी लावतात. तंबूच्या उबेत आणलेल्या रायफलीवर दव धरते आणि बाहेर नेली की त्याचाच बर्फ होतो, तेव्हा ती रात्री बाहेरच्या थंडीतच राहू द्यावी. नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावणे ही आणखी एक चांगली सवय. पाणी आणि बर्फ आत जात नाही आणि बार उडवायच्या आधी ती काढावीही लागत नाही. गोळीच्या पुढे धावणारी हवाच ती फोडते.

सेफ्टीबद्दल तडजोड नको. मॉडेल ७० ची तीन टप्प्यांची सेफ्टी सुईलाच अडवते, म्हणून डोंगरात तिला मान आहे. फक्त चापाला अडवणारी सेफ्टी त्या मानाने दुबळी. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टनला एक्स-मार्क प्रो चाप बसवलेल्या रायफली परत मागवाव्या लागल्या, कारण कारखान्यात राहिलेल्या जादा चिकटद्रव्यामुळे काही परिस्थितीत त्या आपोआप उडण्याचा धोका होता. यंत्र कोणतेही असो, हाताने धरून चढायच्या कड्यावर नळीत काडतूस नसावे. मॅगझिनबद्दल मतभेद आहेत. सुटे मॅगझिन भरायला सोयीचे, पण दगडगोट्यांत पडले की शिकार संपली. खालून बंद असलेले, वरून भरायचे मॅगझिन सर्वांत हलके आणि हरवायची भीती नसलेले. डोंगरासाठी तेच बरे.

काडतुसांच्या वादात पानेच्या पाने भरतात. त्यातले बरेचसे इथे लागू नाही. ताहरचा मोठा नर सत्तर किलोच्या पुढे जातो आणि चिवट असतो, शॅम्वा त्याच्या निम्म्याच्या आसपास. ६.५×५५, ७ मिमी-०८, .२७०, .३०८, आणि २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमोर, यांपैकी कोणतेही पुरते. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी जड काडतुसे सव्वादोन किलोच्या रायफलीतून झाडणे म्हणजे चांगला नेमबाज बिघडवणे. खरी चूक होते ती उताराच्या कोनात. ३० अंशांच्या उतारावर दुर्बिणीतून मोजलेले ३०० मीटर गोळीच्या दृष्टीने २६० मीटरच असतात, मग जनावर वर असो वा खाली. हे न धरता नेम उंच ठेवला की गोळी पाठीवरून निघून जाते किंवा मणक्याच्या वरून जखम करते. शिवाय तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश घनतेची असते, त्यामुळेही गोळी कमी खाली येते.

न्यूझीलंडच्या कायद्याने निवड आणखी सोपी केली आहे. मार्च २०१९ मधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली आणि जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. डोंगरात प्रामुख्याने बोल्टची रायफलच उरली. सायलेन्सर मात्र तिथे कायदेशीर आणि सर्वमान्य आहे. हलक्या रायफलीचा धक्का तो कमी करतो आणि कान वाचवतो. म्हणून अनेक जण नळी ४५ सेंटिमीटरपर्यंत कापून घेतात, म्हणजे सायलेन्सरसह लांबी पूर्वीइतकीच राहते. नळीच्या टोकाला भोके पाडून धक्का कमी करण्याचा दुसरा उपाय आवाज इतका वाढवतो की डोंगरात शेजारी उभ्या माणसाच्या कानांना तो असह्य होतो.

शेवटचा मुद्दा गोळीच्या धातूचा, आणि तो रायफल निवडतानाच विचारात घ्यायला हवा. शिकारीनंतर मागे राहिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन आल्प्समधल्या दाढीवाल्या गिधाडांना आणि सोनेरी गरुडांना विषबाधा होते, हे तिथल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. कॅलिफोर्नियाने काँडोर पक्ष्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या. तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला लांब असते आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीच्या आतली पिळाची खाच जास्त घट्ट लागते. जुन्या .२७० मधली दहा इंचांत एक फेरा देणारी खाच हलक्या तांब्याच्या गोळ्यांना चालते, लांब जड गोळ्यांना अपुरी पडते. आज नवी रायफल घेणाऱ्याने आठ इंचांत एक फेरा देणारी नळी मागावी. तेवढ्यासाठी रायफलीचे वजन एका ग्रॅमनेही वाढत नाही.